थोरल्या जावेचं पाणी

आमच्या दोन घरांत भिंत एकच, पण बोअर दोन. थोरल्या जावेच्या बोअरचं पाणी गोड, आमचं मचूळ. तिच्या पाण्यात डाळ पटकन शिजते, आणि हे ती येईल त्याला सांगतेच. अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला आलेला माझा सख्खा भाऊसुद्धा चहा आमच्याकडं घेतो आणि पाणी प्यायला तिच्या ओसरीवर जातो. माझा जळफळाट होतो.

एका संध्याकाळी ग्रामपंचायतीचा माणूस घरोघर प्लास्टिकच्या बाटल्या ठेवून गेला. पिण्याच्या पाण्यात शिसं वगैरे जड धातू आहेत का, हे तपासायचं होतं. "सकाळी बोअरच्या पाइपाखाली धरून भरा," तो म्हणाला. मला धातूबितूचं काही पडलं नव्हतं. कुणाचं पाणी चांगलं ते सरकार लिहून देणार, एवढंच मी ऐकलं.

मी सासूबाईंची पितळी घागर माळ्यावरून काढली, चिंच लावून लख्ख घासली आणि वस्त्रगाळ पाणी भरून रात्रभर निवळत ठेवलं. तपासणीला जाणारं पाणी म्हणजे दाखवायला काढलेली पोरगी, नीट नटवायला नको? जावेनं सकाळी पारोशानंच बाटली पाइपाखाली धरली, बूच लावलं, झालं. मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

निकाल आला. जावेचं पाणी चांगलं, आमच्यात शिसं! आमचं पाणी पोरांना पाजू नका, असं पंचायतीच्या माणसानं बजावलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तासाभरात जाऊ भरलेली कळशी कमरेवर घेऊन दारात. "घे बाई, लाजू नगंस. आपलंच पाणी हाय." टोमणा मारला असता तर मी परतवला असता. तिची माया मात्र मला सोसवेना, आणि रोज कळशी येतच राहिली.

पुन्हा तपासायला तोच माणूस आला. "मावशी, बाटली कशातनं भरली व्हती?"

"पितळी घागरीतनं. चांगली चिंचंनं घासून, रातभर पाणी निवळून."

त्यानं कपाळाला हात लावला. "आवो, मग शिसं पितळंतनं उतरलंय! चिंचंनं घासल्याल्या घागरीत पाणी रातभर ठिवतेत व्हय?" या वेळी बाटली त्यानं स्वतःच पाइपाखाली धरून भरली.

आमचं पाणी निर्दोष निघालं. मी तो कागद गल्लीभर फिरवला, सगळ्यात आधी जावेला दाखवला. "बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि खरंच मनापासून म्हणाली. त्याचाही मला रागच आला.

दुपारी नवऱ्याच्या ताटाशी मी ऐटीत आमच्या पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी एक घोट घेतला आणि तांब्या बाजूला सारला.

"रिपोट झ्याक हाय," ते म्हणाले. "पर आता वैनीच्या पाण्याची सवय लागली बघ. तिकडनं जरा तांब्याभर आणतीस का?"

मी गेले. जाऊ ओसरीवरच बसली होती. हातातला तांब्या बघून काही न विचारता उठली.