वैऱ्याचा बांध

महिना झाला. पनवेलच्या बाजारात मी सुकी मच्छी घेत होतो, तेव्हा आमच्या गावच्या कोळणीनं सांगितलं, "आप्पा, गणू हवालदार गेला." मी म्हटलं, असा कसा गेला? आमचा वाद संपला नव्हता...

माझी शाळा चौथीत सुटली, पण कुणी सांगितलं म्हणून मान डोलावणारा मी नाही. गणू माझ्या बरोबरीचा, फौजेत हवालदार. एकाहत्तरच्या लढाईनंतर तो युद्धकैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होता. पेन्शन घेऊन गावी आला, आणि पुढं टीव्हीवर आखाताची लढाई लागली की आमची जुंपायची.

"आपली माणसं मारली त्यांना तुमी पोटभर जेवायला घालायचे?"

"घालायचो. बंदूक टाकली का तो कैदी. त्याला मारायचा नाय, उपाशी ठेवायचा नाय. तसा कायदाच हाय."

"लढाईत कसला रे कायदा?"

"कबड्डीला रेघ लागते आप्पा, आणि लढाईला नको?"

मला हे पटायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच विचारायला जायचो.

त्याच साली शेजारच्या गावाशी आमचं वाजलं. खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून आमच्याकडं मातीचे बांध असतात, आणि बांधाला पाणी सोडायची उघाडी. त्या उघाडीवर मासे कुणी धरायचे, यावरून काठ्या चालल्या. माझ्या पुतण्याचं डोकं फुटलं. देवळात गाव जमलं. पोरं म्हणाली, त्यांचा बांध फोडू. पुनवेचं उधाण आत शिरलं की तीन वर्षं भात नाही. मी गावकीचा पंच, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आणि माझंही रक्त तापलेलं.

गणू उठला. "काठी घेऊन येईल त्याच्याशी लढा. भाताला हात लावायचा नाय. तो भात त्यांच्या म्हाताऱ्या खातात, पोरं खातात. त्यांनी कुणाचं डोकं फोडलं?"

"आणि उद्या त्यांनी आपला बांध फोडला तर?" मी विचारलं.

"तरी नाय."

मला वाटत होतं, कायदा म्हणजे देणंघेणं. तू पाळ, मी पाळतो. समोरच्यानं मोडला तरी आपण पाळायचा, हा कुठला कायदा? पण पुतण्याच्या डोक्याला बांधलेलं फडकं बघताना त्या गावच्या म्हाताऱ्या माझ्या डोळ्यापुढून हलेनात.

"बांधाला कुणी हात लावायचा नाय," मी बोललो. "आणि हे मी सांगतोय, हवालदार नाय!"

गणू मिशीत हसला. पुढं उघाडीवर दोन्ही गावांच्या पाळ्या ठरल्या.

गणूच्या दहाव्याला त्या गावचे लोकही आले होते. त्यांतला एक म्हणाला, "हवालदार उधाणाच्या आधी आमच्या बांधावर यायचा. खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलानं बुजवायचा." हे गणूनं मला कधीच सांगितलं नव्हतं.

परवा अमावास्या होती, उधाण यायचं होतं. मी त्यांच्या बांधावर गेलो. दोन भोकं सापडली. चिखल थापत बसलो, तर तिकडचा एक जण ओरडला, "कोण रे तो?"

मी म्हटलं, "शेजारचा."