आईच्या देवघरातली गोगलगाय

मोर्शीकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत विहीर खोदताना काळ्या पाषाणाखाली पांढऱ्या दगडाचा थर लागला. त्यात बोराएवढे शंख रुतून बसले होते. मी तेव्हा शाळेत होतो. त्यातला एक अख्खा शंख सुटा निघाला, तो आईनं धुतला आणि सरळ देवघरात नेऊन ठेवला. देवांची आमच्याकडे आधीच दाटी, त्यात हा पाहुणा. त्यालाही रोज आंघोळ, गंध, फूल सुरू झालं.

पुढे मी अमरावतीच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवू लागलो. हे शंख समुद्रातले नव्हेत, लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात इथे तळी होती, त्यांतल्या गोगलगायींचे आहेत, असं आईला समजावून पाहिलं. शंख म्हटला की समुद्रच, असं म्हणून तिनं मला उडवून लावलं.

एका दिवाळीत देवघरासमोर बसलो होतो. वर्षानुवर्षांचं चंदन मुरून त्या शंखाच्या पाठीवरच्या मुळातल्याच बारीक रेघा उठून दिसत होत्या. आमच्या भागातल्या माहीत असलेल्या जातींची पाठ गुळगुळीत. भिंग लावून पुन्हा पुन्हा पाहिलं. विहिरीजवळच्या ढिगातले बाकीचे शंखही धुंडाळले, पण सगळे झिजलेले नाहीतर फुटके.

नवी जात जाहीर करायची तर नमुना कायमचा संग्रहालयात द्यावा लागतो. तसं मी आईला सांगितलं. आई किती तरी दिवस त्याला रोजच्यासारखंच गंध-फूल वाहत राहिली. मग एका सकाळी, गणपतीला निरोप देतात तसा, तिनं शंखाला दहीभात दाखवला, अक्षता टाकून जागचा हलवला आणि त्याच्या जागी सुपारी मांडली.

"ने," ती म्हणाली, "पन याची आबाळ करू नोको."

जात नवीच ठरली. आनंदाच्या भरात मी आईला फोन लावला. शंख आता कापसात, काचेखाली आहे, जगभरचे अभ्यासक त्याला पाहायला येतील, असं सांगत सुटलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला गंध कोण लावतं, एवढंच विचारलं. कोणी नाही, गंध धुऊन काढलं, आता पाणीसुद्धा लावता येत नाही, असं मी सांगितलं.

"मंग दगडच झाला म्हन तो."

 आई आता नाही; देवघरातल्या त्या सुपारीला गंध मी लावतो.