एक टक्का जास्तीचा जिल्हा

मिस्त्रींचा जन्म शेतातला, नोकरी कारखान्यातली आणि सासुरवाडी जंगलाच्या कडेची. जिल्ह्याच्या विकास आराखड्यात शेती, उद्योग आणि वन अशी तीन प्रकरणं होती. मिस्त्रींनी ती तिन्ही न वाचताच जगून काढली होती.

एकतीस वर्षं ते ओतकामाच्या कारखान्यात लाकडी पॅटर्न करत. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. तो ओल्या वाळूत दाबून अलगद काढला की मागे पोकळी राहते, आणि तीत वितळलेलं लोखंड ओततात. पण लोखंड थंड होताना आकसतं, शंभराचं नव्व्याण्णव होतं. म्हणून पॅटर्न मुळातच शंभरात एक जास्त करायचा. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. ती पट्टी मिस्त्रींच्या खिशात इतकी वर्षं राहिली की सगळ्या शर्टांचे खिसे त्याच कोपऱ्यात फाटलेले.

माणूस अबोल. "बोलायचं काम त्यांनी लाकडाकडे दिलंय," बायको म्हणायची, "आणि उरलेलं माझ्याकडे."

निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये ते लोकांची स्टुलं आणि दारं दुरुस्त करत बसले होते, तेव्हा एका सकाळी नियोजन कार्यालयातल्या मॅडम आल्या. वयानं मिस्त्रींच्या मुलीएवढ्या, काखेत नकाशांची लांबलचक गुंडाळी. गुंडाळी दारात अडली, मॅडम तिरक्या होऊन आत शिरल्या.

"काका, गेल्या आठवड्यात पहिली जनसुनावणी झाली," त्या म्हणाल्या. "भिंतभर नकाशा लावला. दोनशे लोक आले, हात मागे बांधून उभे राहिले, चहा प्यायले आणि गेले. सूचना-हरकतींच्या वहीत एकच ओळ आली. काय माहितेय? 'पंखा आवाज करतो.'"

बायको पदरात तोंड लपवून हसली.

"दुसरी सुनावणी शेवटची. तेव्हाही वही कोरी राहिली तर आराखडा आहे तसा मंजुरीला जाईल, चुका असल्या तर चुकांसकट. लोकांना रेषा कळत नाहीत, काका. डोंगर डोंगरासारखा आणि ओढा ओढ्यासारखा करून द्याल? जंगल, शेतं आणि औद्योगिक वसाहत जिथं एकत्र येतात, तेवढाच पट्टा."

मिस्त्रींनी नकाशा उलगडला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "प्लायवूड लागेल."

मॅडमना वाटलं, ते विचार करतायत. बायकोनं खुलासा केला, "हो म्हणाले ते."

नकाशावर एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या बारीक रेषा होत्या. एका रेषेला प्लायवूडचा एक थर, असे थरावर थर चढवत डोंगर उभे राहिले. मीटरभर चौरस असे सहा तुकडे, जोडले की तीन मीटर बाय दोन. झाडीला हिरवा भुसा, शेतांना पिवळा, कारखान्यांच्या जागी छोटे ठोकळे. शेवटी सगळ्यावर वार्निशचे तीन हात. पॅटर्नला ओल्या वाळूची बाधा होऊ नये म्हणून तीन हात द्यायचे असतात. इथं वाळू कुठली यायला? पण हाताला सवय.

बायको रोज दुपारी येऊन आपल्या माहेरची बाजू तपासायची.

"अहो, ही टेकडी एवढी गरीब नव्हती. वर जाताना माझ्या आईचे गुडघे बोलायचे."

"नकाशात एवढीच आहे."

"नकाशानं माझ्या आईचे गुडघे बघितलेत का?"

चौथ्या आठवड्यात घोडं अडलं. आराखड्यात ट्रकांसाठी एक नवा वळणरस्ता होता, उंच भरावावरचा. तो जंगलातून शेतांकडे उतरणाऱ्या ओढ्याला आडवा जात होता. नकाशावर लाल रेष निळ्या रेषेला ओलांडते तेव्हा कुणाचं काही बिघडत नाही. लाकडात मात्र मिस्त्रींनी भरावाची पट्टी चिकटवली आणि ओढा भिंतीला नाक लावून उभा राहिला. आराखड्याप्रमाणे पाण्याला वाट म्हणून एक मोरी होती. मापानं ड्रिल मारलं तर सुईच्या नेढ्याएवढं भोक पडलं. त्याच ओढ्यात मिस्त्री पोहायला शिकले होते. तो पावसाळ्यात कसा येतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी मॅडमना बोलावून बोट ठेवलं. "इथनं पाणी कुठं जाणार?"

मॅडम बराच वेळ वाकून बघत राहिल्या. "मलाही शंका होतीच," त्या हळूच म्हणाल्या. "पण हा रस्ता वरून आखून आलाय, मी एकटीनं बदलू शकत नाही. सुनावणीत लोकांनी हरकत घेतली आणि वहीत नोंद झाली, तरच पाण्याचा हिशेब पुन्हा करायला लावता येईल. तुम्ही बोलाल का?"

दोनशे लोकांपुढे बोलायचं म्हटल्यावर मिस्त्रींनी खिशातली पट्टी चाचपली. "मी पट्टी लावून सांगतो," ते पुटपुटले. "तोंडानं नाही."

सुनावणीच्या दिवशी सकाळी सहाही तुकडे टेम्पोतून सभागृहात आले. कार्यालयानं प्रतिकृतीसाठी चारी बाजूंनी आणि वरून काचेची पेटी करून घेतली होती, बरोबर तीन मीटर बाय दोन. लोकांनी हात लावू नये म्हणून काच.

दोन तुकडे बसले. तिसरा बसेना. मिस्त्रींनी ठोकून पाहिलं, फिरवून पाहिलं. मग खिशातली पट्टी काढून मोजलं. सगळं बरोबर! मॅडमनी आपली पट्टी लावली. प्रत्येक तुकडा एक सेंटिमीटर जास्त.

मिस्त्रींनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या आणि कपाळाला हात लावला. सहाही तुकडे एकमेकांशी चपखल जुळत होते. पेटीशी जुळत नव्हते.

"अहो," बायकोनं विचारलं, "लोखंड आकसतं म्हणून जन्मभर वाढवून ठेवलंत. आता हा जिल्हाही थंड झाल्यावर आकसणार का?"

तोवर लोक जमले होते. पुढे होता बारक्या, मिस्त्रींचा शाळासोबती. शाळेत काडीएवढा होता म्हणून हे नाव पडलं, आता खुर्चीत बसताना तो खुर्चीची परवानगी घेतो. वळणरस्त्याच्या अलीकडे त्याचं शेत.

"काय अडलंय रे मिस्त्री?"

"लांबीला तीन सेंटिमीटर जास्त झालंय. कडेनं कापावं लागेल."

"मग काप की. जंगलाकडनं काप, तिकडं झाडंच तर आहेत."

"झाडंच?" मागून वनरक्षक पुढे आला. "जंगलाला नेहमी कडेनंच कापता तुम्ही. या वेळी शेतं कापा."

"माझं शेत आधीच एवढंसं आहे! कारखान्याच्या शेडी कापा."

वसाहतीतले मॅनेजर साहेब टाय सावरत म्हणाले, "शेडी मंजूर आहेत, एक मिलिमीटरही मिळणार नाही."

दहा मिनिटांत सभागृहाचा बाजार झाला. पहिल्या सुनावणीत तोंडाला कुलूप लावून बसलेली माणसं भुशाच्या तीन सेंटिमीटरसाठी एकमेकांच्या अंगावर धावत होती. मिस्त्रींच्या हातात करवत होती, पण ती टेकवायला जागा सापडत नव्हती. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम करवतीकडे नाही, काचेकडे बघत होत्या.

"काका, कापू नका. पेटी काढा."

"पण हात लावतील लोक."

"लावू देत!"

काचा निघाल्या. सहाही तुकडे उघड्या टेबलांवर जोडले गेले आणि लोक त्यांच्याभोवती दाटीवाटीनं वाकले. "हे माझं घर!" "छे, तुझं पलीकडं, विहिरीपाशी." बारक्यानं आपल्या शेतावर जाड अंगठा ठेवला तर अख्खं शेत अंगठ्याखाली गेलं. लोक हसले, बारक्याही हसला. पण वळणरस्त्याबद्दल कुणी अवाक्षर काढेना. मॅडमच्या हातातली वही अजून कोरीच. मिस्त्री घसा खाकरत दोनदा पुढे झाले, दोनदा मागे आले.

बायकोनं हे पाहिलं. टेबलावरचा पाण्याचा जग तिनं उचलला.

"माझ्या माहेरचं पाणी कुठवर जातं ते बघू द्या मला," ती म्हणाली आणि टेकडीच्या माथ्यावर तिनं धार धरली.

मॅडम जग धरायला पुढे झाल्या. पण वार्निशचे तीन हात कामाला आले. पाणी मोत्यासारखं घरंगळत ओढ्यात उतरलं, वळणं घेत निघालं. सगळे वाकून बघत होते. ओढा वळणरस्त्याच्या भरावाला येऊन थडकला. मोरीतून एक बारीक थेंब डोकावला. बाकीचं पाणी जागीच फुगू लागलं. ते मागे पसरलं आणि वनरक्षकाची चौकी ओली झाली. डावीकडे बारक्याचं शेत बुडालं. उजवीकडून ते मॅनेजर साहेबांच्या मंजूर शेडींत शिरलं.

"अरे, अरे, थांबव बाई!" बारक्या ओरडला. "माझं पीक!"

"पहिल्याच पावसात मशिनं पाण्यात!" साहेबांचा टाय ओढ्यात बुडाला होता, त्यांना पत्ता नव्हता. "हा रस्ता काढला कुणी?"

"मला विचारलंच नाही कुणी," वनरक्षक म्हणाला. "मोरी नको, मोठं तोंड हवं तिथं."

"लिहा मॅडम! माझं नाव आधी लिहा!"

मॅडमचं पेन पळत सुटलं. पहिलं पान भरलं, दुसरं भरलं. मघाशी तीन सेंटिमीटर न सोडणारे तिघं आता एकाच ओळीखाली सही करायला एकमेकांना कोपरानं सारत होते.

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पटाशी काढली आणि ओढ्याच्या तोंडाशी भरावाला खिंडार पाडलं. तुंबलेलं पाणी सुटलं, बारक्याच्या बांधाशेजारून खाली गेलं, शेवटच्या शेतापर्यंत पोचलं आणि टेबलाच्या कडेवरून थेट मॅनेजर साहेबांच्या बुटात पडलं. सभागृहात टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या, एका पायावर उभं राहून.

मॅडमनी खिंडाराला आपली पट्टी लावली. "एक सेंटिमीटर आणि केसभर. म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर आणि वर अर्धा. काका, सूचना म्हणून किती लिहू?"

मिस्त्रींनी स्वतःची पट्टी लावून पाहिली. "माझ्या पट्टीनं बरोबर पन्नास."

"मग?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. ती जग पुसत होती, तिनं मान हलवली. आज बोलायचं काम तिनं घेतलं नाही.

मिस्त्रींनी घसा खाकरला. दोनशे माणसं ऐकत होती. "तुमच्या पट्टीनं लिहा," ते मोठ्यानं म्हणाले. "पाणी लोखंडासारखं आकसत नाही. त्याला थोडं जास्तीचंच द्यावं."

मॅडमनी लिहिलं, पन्नास आणि वर अर्धा. खाली कंसात सूचना देणाऱ्याचं नाव लिहायचं होतं, तिथं वही फिरवून पेन त्यांनी मिस्त्रींच्या हातात दिलं.