पुसलेली दोन मिनिटं

माझे बाबा चिपळूणला शाळामास्तर, आणि त्यांना वेड होतं मूकपटांच्या काळातल्या एका अमेरिकन दिग्दर्शकाचं. नाटक कंपनीतला हा सुतार सिनेमात शिरला, आठवड्याला एक चित्रपट काढू लागला, स्टुडिओचा मालक झाला. आणि बोलपट आल्यावर त्याच स्टुडिओच्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहिला. बाबा वीस वर्षं त्याच्यावर पुस्तक लिहीत होते. "अमेरिकेतल्या मेलेल्या माणसाची काळजी आहे, घरातल्या गळक्या नळाची नाही," असं आई म्हणायची. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, कारण त्याचा शेवटचा चित्रपट बाबांना कधी बघायलाच मिळाला नव्हता.

मी रियाधला बँकेत होतो. एका अमेरिकन सहकाऱ्याने सुट्टीवरून येताना त्या चित्रपटाची कॅसेट माझ्यासाठी आणली. विमानतळावर ती तपासणीसाठी ठेवून घेतली आणि महिन्याने परत दिली. तोवर आखाती युद्ध पेटलं होतं. त्यातच आईचा फोन आला: बाबांचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी आशा सोडलीय. माझा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे माझ्या तिथल्या अरब जामीनदाराकडे, एक्झिट व्हिसा नाही, विमानं बंद. कफीलचा माणूस रोज चहा पाजायचा आणि "इन्शाल्ला, बुक्रा" म्हणायचा. बुक्रा म्हणजे उद्या, पण त्याचा उद्या काही उगवत नव्हता. त्या चहाचा मला संताप यायचा, पण मी तो मुकाट्याने प्यायचो.

अखेर एका दुपारी, खिडक्यांना चिकटपट्ट्या मारलेल्या खोलीत मी व्हीसीआर लावला, घरी फोन जोडला आणि चित्रपट सांगायला लागलो. मूकपट, आणि फोनवर!

"चेहरा जवळून दाखवतो का रे?" बाबा मध्येच विचारत. आवाज पार खोल गेला होता.

गोष्ट साधी होती. नवरा लढाईवर गेलाय, बायको रोज धक्क्यावर जाते. शेवटी बोट लागते. गर्दीत नवऱ्याचा चौकड्यांचा कोट दिसतो, ती धावत सुटते, आणि पुढे पडद्यावर नुसत्या मुंग्या. तपासणाऱ्याने दोन मिनिटं पुसून टाकली होती. मग थेट 'समाप्त'.

"काय झालं? आला का तो?"

सौदीत मिठ्या आणि चुंबनं पुसतात, हे मला ठाऊक होतं. "आला, बाबा. ती त्याला मिठी मारते."

"वा!" मग म्हणाले, "आणि तू कधी येतोयस?"

"बघतो," मी म्हणालो.

पाच दिवसांनी बाबा गेले. मी पोचलो तेव्हा तेरावं होऊनही महिना लोटला होता. टेबलावर पुस्तक पूर्ण होऊन पडलं होतं. शेवटची ओळ थरथरत्या अक्षरात होती: 'सर्वस्व गमावलेल्या या माणसाने निदान पडद्यावर तरी एकाला घरी पोचवलं.'

काही वर्षांनी पुण्यात एका फिल्म सोसायटीत मी तो चित्रपट सबंध पाहिला. मिठी होती. कोटही नवऱ्याचाच होता. आत माणूस मात्र दुसरा होता. मेलेल्या मित्राचा कोट घरी पोचवायला आलेला.

"छापणार कधी?" आई अजून विचारते. एकच ओळ खोडायची आहे. मी पेन घेऊन बसतो, बाबांचं अक्षर बघतो आणि पेन खाली ठेवतो.