दोन चिपा आणि बाबांचा रुमाल

बाबांनी कानाचं मशीन कपाटात ठेवून दिलं त्याला दोन वर्षं झाली होती. त्याचे सेल मसुरीच्या दाण्याएवढे, आणि कोठीच्या बाजारातल्या दुकानात जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या बाबांची बोटं आता थरथरायची. सेल बदलून दे म्हणून कुणाला सांगणं त्यांच्या स्वभावात नाही. मग ते गप्पच झाले. आम्ही ओरडायचो, ते अंदाजाने मान हलवायचे.

मी ज्या लहानशा कंपनीत आहे तिथे सेल बदलावे न लागणारं मशीन बनवायचं ठरलं. चकतीवर ठेवलं की वायरीशिवाय चार्ज होणारं. त्यातली वीज पकडणारी चिप निवडायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसला ते एक काम होतं. मला बाबा परत बोलते व्हायला हवे होते.

शेवटी दोन चिपा उरल्या. आकार तोच, पिना तेवढ्याच, माहितीपत्रकंही जवळपास सारखी. पहिली चिप वीज कमी वाया घालवायची आणि कमी तापायची, दुसरी जराशी उधळी. कुणीही पहिलीच घेतली असती. मीही घेतली आणि स्वतःवर भलतीच खूश झाले.

खरं सांगते, इतकी वर्षं हेच करूनही मला याचं नवल वाटायचं थांबत नाही. मध्ये तार नाही, काही नाही, आणि तिळापेक्षा जराशी मोठी चिप पलीकडची वीज उचलून घेते. दर वेळी दिवा लागला की माझ्या अंगावर काटा येतो.

शनिवारी एकेक चिप बसवलेली दोन नमुन्याची मशीनं अंबरपेठच्या घरी आणली. दुपारी पडायच्या आधी बाबांनी पहिल्या चिपचं मशीन हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, चौपदरी घडी करून चकतीवर अंथरला आणि मशीन त्यावर ठेवलं.

“अगे, उघड्यावर पुर्जा ठेवू नै. घरंगळला तर कुठं शोधशील?”

दुकानात त्यांनी कधी एक स्क्रूसुद्धा उघड्या टेबलावर ठेवला नव्हता. “बाबा, रुमाल काढा!” मी ओरडले. ते मान हलवून झोपायला गेले.

दिवा लागला नाही. माझं डोकंच फिरलं. ‘कापडावर ठेवू नये’ असं सूचनांमध्ये छापून टाकू, असंही मनात आलं. पण बाबा सूचना वाचणार होते थोडेच! वैतागून मी त्याच रुमालावर दुसऱ्या चिपचं मशीन ठेवलं.

हिरवा दिवा लागला.

मी खाली वाकून बघतच राहिले. इस्त्री केलेल्या सुती कापडाचे चार पदर, आणि त्यांतून वीज वर येत होती. चिप किती क्षीण विजेवर जागी होते, तो आकडा माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर होता, आणि त्यात दुसरी सरस होती. मी तो वाचलाही होता. पण मशीन चकतीला नीट चिकटवून मोजमाप करणाऱ्या मला त्याचं मोल कळलं नव्हतं. दुसरी चिप थोडी तापत होती, पण चार्ज होताना मशीन कानात नसतंच. ऑफिसात काय सांगायचं ते तिथेच ठरलं.

बाबा उठले आणि चार्ज झालेलं मशीन त्यांनी स्वतःच कानात घातलं. मी चहा घेऊन आले आणि सवयीने ओरडले, “बाबा, चहा!”

“कायको ओरडायलीस गं? ऐकू येतंय की.”

मी त्यांच्याजवळ बसले. दोन वर्षं मी त्यांच्याशी ओरडून सांगता येईल तेवढंच बोलले होते: चहा, गोळी, जेवण. हळू आवाजात काय बोलायचं ते मला आठवेना. बाबा मात्र कप खाली ठेवून माझ्याकडे वळून बसले होते, ऐकायला.