डीजेने न मारलेले ससे

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — आणि त्याला तर मी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजून सांगते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही विचुंब्याला राहत नाही.

आमचं सशांचं फार्म आहे. फार्म म्हणजे काय — घरामागे पत्र्याची शेड, जाळीचे पिंजरे आणि गवतासाठी रोज माझी पळापळ. शेडला लागूनच गणपतदादांचं अंगण. त्यांच्या थोरल्या मुलाची हळद होती, तेव्हाची गोष्ट. आगऱ्यांची हळद पाहिलीय कधी? लग्न एक वेळ चुकवाल, हळद नाही! डीजे असा की आमच्या कपबश्याही नाचत होत्या. मीही नाचले. खोटं कशाला बोलू?

हळदीनंतर ससे मरायला लागले. धडधाकट ससा सकाळी गवत खायचा, दुपारी आडवा. काहींच्या नाकाशी रक्त. घरात निदान झटक्यात झालं — डीजे! ससा जातीचा भित्रा, आवाजाने काळीज फुटलं. साऱ्या आळीने माना डोलावल्या. गणपतदादा तर दारात हात जोडून उभे राहिले. "वैनी, आमच्या डीजेपायी तुमचं ससं गेलं. माफ करा आमाला."

मी काय म्हणाले? चहा घ्या म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टरबाईंना मात्र ते पटेना. मोठे ससे पटापट जात होते आणि इवलीशी पिल्लं टुणटुणीत होती. भीतीने मरायचे तर आधी पिल्लं नकोत का जायला? त्यांनी मेलेला ससा उघडून पाहिला, यकृताचे तुकडे तपासणीला पाठवले. मग फोन आला — मलाच. सशांमधला विषाणूचा आजार. एकाकडून दुसऱ्याला लागतो, माणसाला होत नाही. "बाहेरून नवा ससा आणला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

आणला होता. हळदीच्याच सकाळी, द्रोणागिरीला राहणाऱ्या मैत्रिणीकडून, भाजीच्या पिशवीतून. पांढराशुभ्र नर — इतका देखणा की काय सांगू! तिच्याकडचे काही ससे अचानक गेलेत, हे तिने सांगितलं होतं. नवा जीव आधी वेगळा ठेवायचा, हेही मला ठाऊक होतं. पण नवे ससे आणू नकोस म्हणून नवऱ्याने बजावलेलं, वेगळा पिंजरा त्याच्या नजरेत आला असता. दिला आमच्या पांढऱ्यांत सोडून — ओळखणार कोण? पहिला तोच मेला. मी गुपचूप पुरला.

आणि घरी काय सांगितलं? "आजार होता म्हणे, पण आवाजाच्या धसक्याने बळावला." डॉक्टरबाई असं काही म्हणाल्याच नव्हत्या. ते वाक्य माझं. इतकं बेमालूम की मलाच त्याचं कौतुक वाटलं — लाज नंतर वाटली.

मग गणपतदादांच्या वैशालीची हळद आली. एकुलती एक लेक, मैत्रिणींना घेऊन कधीपासून नाच बसवत होती. दादांनी डीजे सांगितलाच नाही. बायका धवल्यांची जुनी लग्नगाणी म्हणत बसल्या, तेही आवाज दाबून. अंगभर हळद माखलेली वैशाली आमच्या कुंपणापाशी आली. "काकी, टाळ्या वाजवल्या तर ससे नाय ना बिथरणार?"

खरं सांगायला याहून सोपी वेळ कुठली होती? ती रागावली असती, आणि मग मनसोक्त नाचली असती.

"हळूच वाजवा गं," मी म्हणाले.

ती शहाण्यासारखी मान हलवून परत गेली, आणि स्वतःच्या हळदीत दोन बोटांनी टाळ्या वाजवत बसली.