खांबाजवळचा शिपाई

रिया आणि ईशान,

जुनी लष्करी पदके ओळखण्यात अवघड काही नाही. पद्धत लागते, आणि पद्धत माझ्याकडे आहे. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात मी प्रत्येक पुस्तक ज्याच्या त्याच्या जागी ठेवले. (तुमचे आजोबा म्हणतात, त्यांनाही.) आपल्या मुलुंडच्या इमारतीच्या लॉबीतल्या पितळी पाटीबद्दल तुमच्या बाबाने तुम्हाला काहीतरी तिखटमीठ लावून सांगितले आहे असे कळले, म्हणून खरी हकिगत मीच लिहिते.

रिडेव्हलपमेंटनंतर नव्या इमारतीत सामान हलवताना अण्णांची पत्र्याची ट्रंक उघडली. अण्णा म्हणजे तुमच्या आजोबांचे वडील. तरुणपणी ते पलटणीत होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले, आणि लढाई संपल्यावर मुंबईच्या गिरणीत लागले. ट्रंकेत खाकी कापडाच्या पट्टीवर जाड दोऱ्याने ओळीने शिवलेली त्यांची चार पदके निघाली. शेजारी एक छोटी पट्टी होती, तिच्यावर नुसते रंगीत फितींचे तुकडे. रोजच्या गणवेशावर पदके लटकवत नाहीत, त्यांच्या फितींची अशी पट्टी लावतात.

ही बातमी बोरिवलीला माझ्या नणंदेच्या, म्हणजे तुमच्या शालूआजीच्या, कानावर गेली आणि दुसऱ्याच दिवशी वन्सं दारात हजर. अण्णांची पदके आम्ही माळ्यावर कुजवली, तेव्हा आता ती बोरिवलीला जातील, असे त्यांनी चप्पल काढायच्या आधी जाहीर केले.

"तुमच्याकडे काय टिकतं? या बाळ्यानं माझं खो-खोचं पदक गोट्यांसाठी देऊन टाकलं, ते विसरले नाहीये मी."

बाळ्या म्हणजे तुमचे आजोबा. हा आरोप त्यांच्यावर शाळेपासून आहे आणि दर भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तो नव्याने वाचून दाखवला जातो. आजोबा दरवेळी म्हणतात, "ताई, शपथ, मी नाही," आणि करंजी खातात.

मी वन्संना मुदत मागितली. प्रजासत्ताक दिनापर्यंत प्रत्येक पदक शास्त्रशुद्ध ओळखून, चौकटीत मांडून, लॉबीच्या त्या मोकळ्या संगमरवरी भिंतीवर लावून दाखवते, म्हटले. वन्संनी अट घातली: एक जरी चूक निघाली तर पदके चौकटीसकट बोरिवलीला! मी अट हसत मान्य केली. चूक कोण करणार होते?

पहिली तीन पदके मी चहा गार व्हायच्या आत ओळखली. दोन सहा टोकांचे तारे. त्यातला गडद निळ्या, केशरी आणि लाल पट्ट्यांच्या फितीचा तो बर्मा स्टार. तिसऱ्या गोल पदकावर दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह, ते युद्धपदक. इंग्रजी पुस्तकातल्या चित्रांशी सगळे ताडून पाहिले. चोख!

उरले ते ओळीतले पहिले. गोल, पितळी, घासून घासून पार गुळगुळीत झालेले. अण्णा दर दसऱ्याला दार लावून, कोणाला जवळ येऊ न देता, शस्त्रपूजेसाठी पदके काढून राखेने घासायचे, त्यात अक्षरे गेलेली. भिंगाखाली एवढेच दिसले: एक आकृती पळते आहे, एक हात पुढे, मागे एक उभा खांब, आणि डोक्यामागे दोन बारीक रेघा. फीत साधी, गडद लाल.

आता पद्धत पाहा. पदकांना क्रम असतो. सर्वांत मानाचे पदक ओळीत पहिले, छातीच्या मध्याकडे. अण्णांनी हे पहिले लावले होते, म्हणजे हे शौर्यपदक. साधी गडद लाल फीत कोणाला असते? व्हिक्टोरिया क्रॉसला! पण तो क्रॉसच्या आकाराचा असतो आणि आमचे पदक गोल होते. त्यामुळे ते सर्वोच्च नव्हते हे मी प्रामाणिकपणे मान्य केले. त्याच्या शेजारचे असावे. पुस्तकात असे पदक कुठेच नव्हते, त्यावरून ते अत्यंत दुर्मीळ असल्याचेही सिद्ध झाले.

पळणारी आकृती म्हणजे संदेशवाहक शिपाई. खांब टेलिग्राफचा. तारा शत्रूने तोडलेल्या, म्हणूनच तर शिपायाला पळावे लागते आहे. डोक्यामागच्या रेघा म्हणजे वेगाने उडणारे हेल्मेटचे पट्टे. सगळे कसे जुळत गेले!

आजोबांनी मध्येच नाक खुपसले. "अगं, पण फितींच्या पट्टीवर तीनच तुकडे आहेत. लाल नाहीच."

"अण्णा विनयशील होते," मी म्हणाले.

"अण्णा?" आजोबा म्हणाले, पण मी भिंगात डोळा घातला होता.

लाल फीत विरलेली होती, म्हणून मी स्टेशनजवळच्या मॅचिंग सेंटरमध्ये नेऊन तंतोतंत तशी शोधून आणली. दुकानदाराने ब्लाउजपीस किती हवा विचारले. मी त्याला शौर्यपदकाबद्दल थोडे सांगितले. मागे गिऱ्हाइके खोळंबली. जुनी फीत मी पारदर्शक पाकिटात घालून चौकटीच्या कोपऱ्यात लावली. मूळ पुरावा नेहमी जपावा.

मग पितळी पाटी कोरून घेतली. पहिल्या पदकाखाली: "शत्रूच्या गोळीबारातून संदेश पोहोचवल्याबद्दल". तळाला, लहान अक्षरांत: "संशोधन व मांडणी: सौ. वसुधा कदम". आमचे सेक्रेटरी शहाभाई इतके भारावले की त्यांनी प्रजासत्ताक दिनाच्या व्हॉट्सॲप निमंत्रणात अण्णांना परस्पर कॅप्टन करून टाकले. ते मी दुरुस्त करायला लावले. अचूकतेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

त्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर सगळी इमारत लॉबीत जमली. वन्सं काठापदराची साडी नेसून आल्या होत्या आणि येताना एक मोठी रिकामी पिशवी घेऊन आल्या होत्या. चौकट मावेल एवढी! शहाभाईंच्या आग्रहावरून मी चारही पदकांवर भाषण केले. अण्णांना ब्रह्मदेशच्या जंगलातून पळवले, गोळ्या चुकवल्या, खांबाला वळसा घातला. टाळ्या पडल्या. वन्संनी चौकटीवरचा पडदा बाजूला केला आणि चष्मा लावून त्या अगदी जवळ गेल्या.

वेफर्सची बशी फिरायची थांबली.

"वहिनी, हा खांब कसला म्हणालीस?"

"टेलिग्राफचा."

"आणि शिपायाला दोन वेण्या?"

"ते हेल्मेटचे पट्टे आहेत, वन्सं."

"वेण्या आहेत गं त्या. आणि खांब खो-खोचा. गिरणगावातल्या सगळ्या शाळांत आम्ही पहिल्या आलो होतो." त्यांचे बोट कोपऱ्यातल्या पाकिटावर गेले. "आणि ही माझी रिबीन. शाळेची. एक हरवली म्हणून आईनं धोपटलं होतं मला."

लॉबीत सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पाटीकडे पाहू लागले. शत्रूच्या गोळीबारातून! संगमरवर दुभंगून मला पोटात घेईल अशी थोडी आशा होती, पण बिल्डरने ते काम मजबूत केलेले आहे.

पहिले बोलले ते आजोबा. "ताई, म्हणजे मी ते गोट्यांसाठी दिलं नव्हतं."

"गप रे बाळ्या," वन्सं म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी सांगितले की अंतिम सामन्याला अण्णा आले नव्हते. घरी पदक दाखवले तेव्हा, मुलीच्या जातीने किती पळायचे, एवढेच म्हणाले होते. त्यानंतर त्या मैदानावर गेल्या नाहीत, आणि थोड्याच दिवसांत पदकही दिसेनासे झाले.

"पहिलं कोणी लावलं हे? तू?"

"नाही वन्सं. अण्णांनीच शिवलं होतं तसं. मी क्रमाला हात लावला नाही."

"बर्मा स्टारच्याही आधी?"

"आधी. आणि चारांत सगळ्यात जास्त घासलेलंही हेच आहे."

वन्संनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. शहाभाईंनी तेवढ्यात प्रसंगावधान राखून सगळ्यांना सामोसे दिले.

अट ती अट. मी स्वतः खिळ्यावरून चौकट काढायला हात घातला. चूक निघाली होती आणि ती मोजायला भिंगाची गरज नव्हती. पण वन्संनी माझा हात धरला आणि पिशवीची घडी घालून पर्समध्ये टाकली.

"राहू दे इथेच. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू दे. पाटी तेवढी बदल."

तर ती ही नवी पाटी. पहिल्या पदकाखाली आता "कु. शालिनी कदम, खो-खो, विजेतेपद" असे आहे. मॅचिंग सेंटरची फीत काढून जुनी रिबीन पुन्हा लावली आहे. माझ्या नावाची ओळ काढावी असे मी सुचवले होते, पण वन्संनी ती मुद्दाम तशीच कोरून घ्यायला लावली, जरा मोठ्या अक्षरांत. आणि एक सांगून ठेवते: पदक ओळखण्यात चुकले असेन, पण त्याचा मान मी अचूक ओळखला होता. ओळीत पहिले म्हणजे सर्वांत मानाचे.

पद्धत बरोबरच होती. फक्त एवढेच झाले की कित्येक महिने, जाडजूड इंग्रजी पुस्तके आणि भिंग खर्ची घालून मी अखेर साऱ्या इमारतीपुढे सिद्ध केले, की शालूवन्सं खो-खोत जिंकल्या होत्या. हे त्या आम्हाला दर भाऊबीजेला ताटावर बसवून सांगतच होत्या.

तुमची,
आजी